सत्तावीस नंबरची खुंटी

तपासणी उद्यावर आली की कुठल्याही कचेरीला खडबडून जाग येते, हे तुम्ही-आम्ही सगळ्यांनीच पाहिलेलं आहे. वर्षभर गळणारा नळ त्या दिवशी गळायचा थांबतो. मोडक्या खुर्चीची बरी बाजू दाराकडे फिरवली जाते. ज्या धुळीला वर्षानुवर्षं कुणी हटकलं नाही, तिच्यामागे चार-चार माणसं फडकी घेऊन लागतात. विमान चालवायला शिकवणाऱ्या त्या शाळेतही त्या दुपारी हेच चाललं होतं.

समिती दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला येणार होती, आणि पाहणार होती ती शाळेची आपत्कालीन तयारी. एखादं विमान पडलं, पेटलं, वाट चुकलं, तर शाळा काय करील? शाळा काय करील हे कुणालाच नीट सांगता आलं नसतं. पण त्या विषयाची फाइल मात्र चांगली जाडजूड होती. त्या वर्षात तीनदा सराव केल्याचे अहवाल तिच्यात होते. तारखा होत्या, वेळा होत्या, खाली सह्याही होत्या. फक्त सराव तेवढे झालेले नव्हते.

त्या सह्यांमध्ये एक सही ताईंची होती.

ताई म्हणजे नोंदीच्या खोलीतल्या बाई. कोणतं विमान कधी गेलं, कोण घेऊन गेलं, कधी परत येणार, हे सगळं त्यांच्या वहीत. वय सत्तावन्न. शाळेत आल्या तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. धावपट्टी गवताची होती, विमान एकच होतं आणि पावसाळ्यात त्याच्या पंखाखाली बसून सगळे डबे खात. आता सात विमानं होती, चाळीस विद्यार्थी होते. मुलं त्यांना ताई म्हणत, शिक्षक ताई म्हणत आणि खुद्द मुख्य प्रशिक्षकही ताईच म्हणत. या मुख्य प्रशिक्षकांना सगळे कॅप्टनसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता. उत्तम वैमानिक होता. पण खुर्चीत बसल्यापासून त्यांना आकाशापेक्षा फायलींची भीती जास्त वाटू लागली होती.

ताईंच्या खोलीच्या भिंतीवर एक मोठा लाकडी फळा होता. त्यावर खुंट्यांच्या दोन ओळी. वरची ओळ लाल, खालची हिरवी. प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या नंबरचा एक पितळी बिल्ला. उड्डाणाला जाताना विद्यार्थ्याने आपला बिल्ला हिरव्या खुंटीवरून काढून लाल खुंटीवर लावायचा, म्हणजे मी आकाशात आहे. परत आल्यावर पुन्हा हिरव्या खुंटीवर, म्हणजे मी जमिनीवर आहे. बस, एवढंच. पहिलीतल्या पोरालाही कळेल असं.

हा फळा शाळा काढणाऱ्या थोरल्या साहेबांनी बसवला होता. ताईंना तो दिवस लख्ख आठवत होता. त्या नोकरीला लागून चारच महिने झाले होते. एक विद्यार्थी संध्याकाळी परत आला नाही आणि ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. याला वाटलं त्याने पाहिलं, त्याला वाटलं याने पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो सापडला. डॉक्टर म्हणाले, आदल्या संध्याकाळी सापडला असता तर वाचला असता. त्यानंतर थोरल्या साहेबांनी स्वतः रंधा हातात घेऊन हा फळा केला. पहिला बिल्ला लावताना ते म्हणाले होते, "ज्याचा बिल्ला, त्याचा हात. दुसऱ्या कुणी बोट लावायचं नाही. अगदी मीसुद्धा नाही." त्या मुलाचा नंबर नऊ होता. नऊ नंबर पुढे कुणालाच दिला नाही. ती खुंटी अजूनही रिकामी होती, पण ती का रिकामी आहे हे आता ताई आणि शाळेचे आग विझवणारे बंबकाका सोडले तर कुणालाच ठाऊक नव्हतं.

काळ गेला आणि नियम सैल पडत गेला. दमलेली मुलं उतरली की थेट कँटीनकडे धावत. तिथूनच ओरडत, "ताई, माझा पण सरकवा हो!" ताई सरकवत. किती झालं तरी पोरं ती! उन्हातान्हात तापून आलेली. दोन पावलं त्यांची वाचली तर काय बिघडलं? पुढे पुढे तर ओरडायचीही गरज उरली नाही. साडेचार वाजले की ताई लाल ओळीवरून हात फिरवत आणि राहिलेले बिल्ले खाली आणून लावत, घर आवरावं तसे.

त्या दिवशीही साडेचार वाजले होते. कॅप्टनसाहेब मोबाइल घेऊन आत आले.

"ताई, फाइलला फळ्याचा एक छानसा फोटो हवा. शीर्षक द्यायचं, 'प्रत्येक विद्यार्थ्यावर अखंड लक्ष'. जरा नीटनेटका करा बघू. सगळे हिरव्यात दिसू देत."

लाल ओळीत दोन बिल्ले होते. एक अकरा नंबरचा. तो 'ढगोबा'चा. या मुलाचं डोकं सदा ढगात, म्हणून मुलांनी त्याचं नावच ढगोबा ठेवलं होतं. तो तासाभरापासून कँटीनमध्ये बसला होता, हे ताईंनी स्वतः पाहिलं होतं. दुसरा बिल्ला सत्तावीस नंबरचा, चिमणीचा.

चिमणी म्हणजे शाळेतली सगळ्यात बुटकी मुलगी. बसल्यावर तिला समोरच्या काचेतून धड दिसायचं नाही, म्हणून आईने तिला दोन गाद्या शिवून दिल्या होत्या, भडक नारिंगी रंगाच्या. एक बुडाखाली, एक पाठीशी. "चिमणी निघाली घरटं घेऊन!" असं म्हणून मुलं चिडवत. ती म्हणायची, "हसा, हसा! उद्या मोठ्या विमानात बसाल तेव्हा पुढून माझाच आवाज ऐकू येईल, पट्टे बांधा म्हणून." त्या दिवशी ती एकटीने दूरच्या धावपट्टीवर जाऊन परत येणार होती. वहीत परतीची वेळ होती चार.

"चार कधीच वाजून गेले," ताई मनात म्हणाल्या. "आली असेल, गेली असेल चहाला." आणि त्यांनी दोन्ही बिल्ले खाली आणून लावले.

फोटो छान आला.

दहा मिनिटांनी रेडिओवर बसलेला तरुण शिक्षक दारातून डोकावला. फळ्याकडे एक नजर टाकून म्हणाला, "सगळी पाखरं घरात? मग मी रेडिओ बंद करतो ताई. साहेबांनी स्वागताचा माईक तपासायला बोलावलंय." ताई म्हणाल्या, "जा बाबा." आणि रेडिओ बंद झाला.

साडेपाचला टेबलावरचा फोन वाजला. ताईंना घड्याळ न बघताही कळलं असतं. मुलगी उड्डाणाला गेली की चिमणीची आई साडेपाचला फोन करायचीच. दोन वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता.

"ताई, उतरली का हो माझी?"

ताईंनी फळ्याकडे पाहिलं. "उतरली की! हा काय, बिल्ला हिरव्यात आहे."

"मग फोन का घेत नाही ती? चार वेळा लावला."

"अहो, गप्पा मारत बसली असेल. तुम्ही परत लावा, मी हाक मारते तिला."

ताई उठून बोळात आल्या. बोळात मुलांची कपाटं होती. एकटं उड्डाण असलं की फोन कपाटात ठेवून जायचा, हा शिरस्ता. सत्तावीस नंबरच्या कपाटात फोन वाजत होता. वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजू लागला. ताईंची नजर खाली गेली. कपाटाखाली चिमणीच्या चपला होत्या. उड्डाणाला जाताना मुलं चपला काढून बूट घालत आणि परत आली की आधी बूट भिरकावत.

चपला तिथेच होत्या. बूट नव्हते.

ताई धावत मैदानाच्या दारात आल्या. सातातली सहा विमानं ओळीने उभी होती. त्यांनी पुन्हा मोजली. सहाच!

"अगं आई गं!" त्या मोठ्याने म्हणाल्या. "मी उतरवलं तिला! मी माझ्या हाताने उतरवलं!"

त्या परत खोलीत शिरल्या आणि दूरच्या धावपट्टीवरच्या रखवालदाराला फोन लावला. तो म्हणाला, "ती बारकी पोर ना? इथे वारा फार होता, म्हणून थांबली होती. सव्वाचारला गेली की." चाळीस मिनिटांचं अंतर. म्हणजे पाचला पाच मिनिटं असतानाच यायला हवी होती. आता पाच वाजून छत्तीस मिनिटं झाली होती. ठरल्या वेळेनंतर अर्धा तास उलटला की धोक्याचा भोंगा करायचा, हा नियम ताईंनीच दरवर्षी नव्या मुलांना वाचून दाखवलेला होता.

कॅप्टनसाहेब अंगणात मांडव नि खुर्च्या बघत होते. ताईंनी धापा टाकत दोन वाक्यांत सगळं सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरला, पण तोंडातून शब्द मात्र भलतेच आले.

"घाई करू नका ताई. दुसरीकडे कुठेतरी उतरली असेल. आधी चार फोन करू. उद्या समिती येतेय आणि आज भोंगा? सगळ्या वस्तीत बोभाटा होईल."

"अर्धा तास उलटून गेला, साहेब."

"आणि ती पंधरा मिनिटांत हसत हसत आली तर? मागच्या वेळचा तो 'भोंग्या' विसरलात का?"

ताई विसरल्या नव्हत्या. अकरा वर्षांपूर्वी एका मुलाने घाबरून भोंगा केला होता, आणि हरवलेलं विमान हँगरच्या मागे उभं असलेलं निघालं. त्या मुलाचं नाव 'भोंग्या' पडलं. कँटीनच्या भिंतीवर कुणीतरी त्याचं चित्र काढलं, ते अजून होतं. पोरगा शेवटी शाळा सोडून गेला. तेव्हापासून अकरा वर्षं खांबावरच्या भोंग्याला कुणी हात लावला नव्हता.

"होऊ दे माझं हसं," ताई म्हणाल्या. "भिंतीवर माझंही चित्र काढा. चष्मा विसरू नका."

"ताई, मी तुम्हाला सांगतोय, थांबा!"

"नाही थांबणार! पस्तीस वर्षं तुमच्यासारख्या साहेबांचं ऐकत आले. आज नाही!"

भोंगा ओसरीच्या खांबाला होता, हाताने फिरवायचा. ताईंनी दांडा धरला आणि फिरवला. आधी नुसती घरघर झाली. आत कुणीतरी चिंध्या कोंबून ठेवल्या होत्या, आवाजाचा त्रास नको म्हणून! ताईंनी बोटं घालून चिंध्या उपसल्या, नख उलटलं, रक्त आलं. पुन्हा दांडा धरला. आणि मग तो आवाज उठला. अंगणातल्या खुर्च्या मांडणारे हात जागच्या जागी थांबले. कँटीनमधून मुलं बाहेर आली, पण पळायचं कुठे हे कुणालाच माहीत नव्हतं. दोघं हँगरकडे धावले, तिघं फाटकाकडे आणि ढगोबा हातात चहाचा कप घेऊन गोल गोल फिरत राहिला.

बंबकाका मात्र थेट बंबाकडे गेले. तेही बंबाइतकेच जुने. त्यांनी किल्ली फिरवली. टक् असाही आवाज झाला नाही. त्यांनी पुढचं झाकण उघडलं आणि आत पाहून ते तिथूनच ओरडले, "बॅटरी कुठाय? माझ्या बंबाची बॅटरी कुणी नेली?"

एका मुलाने मांडवाकडे बोट केलं. उद्याच्या स्वागताचा कर्णा त्या बॅटरीवर चालत होता.

"वा!" बंबकाका म्हणाले. "आगीला म्हणावं, जरा बस, आधी भाषण होऊ दे!" मग ते कॅप्टनसाहेबांकडे वळले. "साहेब, तुमच्याएवढं वर जाणारं इथे दुसरं कुणी नाही. तासाभराचा उजेड आहे. माईक धरून काय उभे राहिलात? विमान काढा!"

साहेबांनी हातातल्या माईककडे पाहिलं. तो हातात आहे, हेच ते विसरले होते. त्यांनी तो खुर्चीवर टाकला आणि धावत सुटले. कितीतरी वर्षांत त्यांना कुणी धावताना पाहिलं नव्हतं.

ताईंनी रेडिओ चालू केला आणि समोर बसल्या. बंबकाकांनी पाव पोहोचवायला आलेली गाडी अडवली, आतले पाव बाहेर काढून ठेवले आणि स्ट्रेचर, कुऱ्हाड, आग विझवायची नळकांडी आत कोंबली. कुऱ्हाडीच्या कपाटाला कुलूप होतं. किल्ली भांडारवाल्याकडे आणि भांडारवाला रजेवर. काकांनी खुर्ची उचलून काच फोडली.

मधेच टेबलावरचा फोन पुन्हा वाजला. ताईंना माहीत होतं कुणाचा ते. क्षणभर वाटलं, उचलूच नये. किंवा म्हणावं, आंघोळ करतेय. पण त्यांनी उचलला.

"ताई, ती अजून..."

"ऐका. मी मघाशी खोटं बोलले. मला खरं वाटत होतं, पण ते खोटं होतं. ती अजून उतरलेली नाही. साहेब शोधायला गेलेत. तुम्ही इथे या."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

साडेसहाला दहा मिनिटं होती तेव्हा रेडिओ खरखरला. कॅप्टनसाहेबांचा आवाज ओळखू येत नव्हता. "टेकडीच्या पलीकडे, गवताळ माळावर. विमान उलटंय. मला... मला गवतात नारिंगी काहीतरी दिसतंय. दोन चौकोन." मग आवाज चिरकला. "गाद्या आहेत! ताई, तिच्या गाद्या आहेत! ती शेजारी पडून हात हलवतेय!"

पाववाल्याची गाडी माळावर पोहोचली तेव्हा उजेड सरत आला होता. चिमणीचा पाय मोडला होता, मांडीला मोठी जखम होती आणि पेट्रोलचा वास सगळीकडे भरला होता. इंजिन अचानक बंद पडल्यावर तिने शिकवल्याप्रमाणे विमान माळावर आणलं होतं. शेवटी एका खळग्यात चाक जाऊन ते उलटलं. ती पट्टा कापून बाहेर आली, कोपरांवर सरपटत दूर गेली आणि वरून दिसावं म्हणून तिने आपलं घरटं गवतात मांडून ठेवलं. बंबकाकांनी उचललं तेव्हा तिने पहिलं वाक्य काढलं ते असं: "काका, पडायच्या आधी मी तीनदा हाक मारली रेडिओवर. कुणी बोललंच नाही."

काकांनी तिला स्ट्रेचरवर घेतलं. फळा हिरवा होता, म्हणून रेडिओ बंद होता.

डॉक्टर म्हणाले, रात्रभर तशीच राहिली असती, तर रक्त जाऊन... आणि त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. पस्तीस वर्षांपूर्वीच्या डॉक्टरांनी ते पुरं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच कॅप्टनसाहेब नोंदीच्या खोलीत आले. ताईंची वही उघडी होती. आदल्या दिवसाच्या पानावर त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: 'साडेचार वाजता सत्तावीस नंबरचा बिल्ला मी, विद्यार्थिनी परत आली की नाही हे न पाहता, हिरव्या ओळीत लावला. त्यामुळे रेडिओ बंद झाला.' खाली सही.

साहेब तिथेच खुर्चीत बसले. "हे पान राहू द्यायचं नाही, ताई. पोरगी वाचली ना? मग! समितीला सांगू, वेळेवर भोंगा झाला, वेळेवर शोध झाला. उलट शाबासकी मिळेल. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता?"

"धोंडा पायावर पडला तर पाय मोडेल, साहेब. पोरीचाही मोडलाच आहे. झाकून ठेवला तर पुढच्या खेपेला कुणाच्या तरी डोक्यात पडेल."

"तुमची नोकरी जाईल."

"जाऊ दे."

"माझीही जाईल!"

"तेही जाऊ दे! आणि त्या तीन सरावांच्या अहवालांवरची माझी सही मी खोडणार आहे. न झालेल्या सरावावर मी सही केली, याची मला काल भोंग्यातल्या चिंध्या उपसताना लाज वाटली."

बंबकाका दारात उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, या शाळेत अकरा वर्षांपूर्वी एक भोंगा खोटा ठरला. आपण त्या पोराला इतकं हसलो, की तो पळून गेला. आणि हा फळा? तो रोज खोटा ठरत होता. त्याचा आपण फोटो काढला. सांगा आता, हसायला हवं होतं ते कशाला, भोंग्याला की फळ्याला? भोंगा खोटा ठरला तर देवाचे आभार मानायचे, माणूस सुखरूप आहे म्हणून. फळा खोटा ठरला तर जीव जातो. आपण सगळं उलटं करून बसलो."

तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. समितीचे तिघे वेळेआधीच आले होते. आणि त्यांच्याही पुढे, त्यांच्याकडे न पाहता, एक बाई आत शिरल्या. केस विस्कटलेले, डोळे रात्रभर दवाखान्यात जागून सुजलेले. आवाज ऐकेपर्यंत ताईंनी त्यांना ओळखलं नाही. दोन वर्षं फोनवर ऐकलेला तो आवाज.

"ताई तुम्हीच ना? तुम्ही भोंगा केलात. तुम्ही माझ्या पोरीला..." आणि त्या ताईंच्या पायाशी वाकू लागल्या.

ताई झटकन मागे सरल्या. "नका! नका वाकू! आधी ऐका." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "ती माळावर पडली, त्याच्या आधीच मी तिला या फळ्यावर उतरवलं होतं. बघायला नाही गेले. चपला नाही बघितल्या, विमान नाही मोजलं. फोटो चांगला यावा म्हणून उतरवलं. तिने तीनदा हाक मारली, ती माझ्यामुळे कुणाला ऐकू आली नाही. तुम्ही फोन केला नसतात तर मी कुलूप लावून घरी गेले असते. तुमच्या पोरीला तुम्ही वाचवलंत. मी नाही."

समितीतल्या एकाने वहीकडे हात नेला. कॅप्टनसाहेबांनी वहीवर आपला हात ठेवला. ताईंना वाटलं, आता पान फाटणार!

पण साहेबांनी वही उचलली आणि स्वतःच समितीच्या पुढ्यात धरली.

"वाचा," ते म्हणाले. "यात एक ओळ राहिलीय, ती मी घालतो. बिल्ला यांनी लावला, पण लावायला मी सांगितलं. भोंगा करू नका, असंही मीच सांगितलं." मग त्यांनी ती जाडजूड फाइल उचलली आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवून दिली. "हिच्यातले सराव झालेले नाहीत. तयारी बघायचीय ना? चला बंब बघायला. बॅटरी अजून मांडवात आहे. काल वरून त्या दोन गाद्या दिसेपर्यंत मला कळलंच नव्हतं, की मी शाळा चालवत नाही, फायली चालवतोय."

समितीचं काय व्हायचं ते झालं. शाळा महिनाभर बंद राहिली, साहेबांना कडक ताकीद मिळाली, ताईंच्या नावावर शेरा बसला. ताई म्हणाल्या, शेरा खरा आहे, असू दे. पण चिमणीच्या आईचं उत्तर सांगायचं राहिलं. त्यांनी एकदा फळ्याकडे पाहिलं. ताईंवर ओरडल्या नाहीत, क्षमाही केली नाही. म्हणाल्या, "ती बरी झाली की पुन्हा उडणार म्हणते. मी अडवणार नाही. पण मी रोज साडेपाचला फोन करणार. आणि यापुढे तुम्ही मला फळ्याकडे बघून नाही सांगायचं. माझ्या पोरीकडे बघून सांगायचं."

शाळा पुन्हा उघडली तेव्हा फळा तोच होता, पण नियम पुन्हा जुना झाला होता: ज्याचा बिल्ला, त्याचा हात. ढगोबा पहिल्याच दिवशी विसरला. ताईंनी त्याला कँटीनमधून बोलावलं, चहा निवेपर्यंत चालवत आणलं आणि त्याच्याच हाताने बिल्ला सरकवायला लावला. नऊ नंबरची खुंटी का रिकामी आहे, हे आता दर वर्षी नव्या मुलांना सांगितलं जाऊ लागलं. दर महिन्याला, कधी ते कुणालाही न सांगता, भोंगा होई. आणि कोण कुठे धावतो हे बंबकाका घड्याळ लावून बघत. एकदा एका नव्या मुलीने खरोखरच घाबरून भोंगा केला आणि विमान सुखरूप निघालं. ती रडवेली झाली. कॅप्टनसाहेबांनी तिला सगळ्यांसमोर बोलावलं आणि स्वतःच्या हाताने चहा दिला. त्याच संध्याकाळी त्यांनी कँटीनच्या भिंतीवरचं 'भोंग्या'चं ते जुनं चित्र चुना लावून पुसलं. पुसण्याआधी मात्र त्या मुलाचा पत्ता शोधून त्याला पत्र लिहिलं, क्षमा मागण्यासाठी.

सात महिन्यांनी चिमणी पुन्हा एकटी उडाली. जराशी लंगडत, काखेत घरटं घेऊन गेली. साडेपाचला फोन वाजला.

"उतरली का हो माझी?"

ताईंनी फळ्याकडे पाहिलंच नाही. "थांबा," म्हणाल्या. फोन टेबलावर ठेवून बाहेर आल्या. विमानं मोजली. सात. मैदानावरून एक बुटकी आकृती येत होती, दोन्ही काखांत नारिंगी गाद्या. ती आत आली, गाद्या खाली टाकल्या, टाचा उंचावल्या आणि आपला बिल्ला आपल्या हाताने लालमधून काढून हिरव्या खुंटीवर लावला.

मग ताईंनी फोन उचलला. "उतरली," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर उभी आहे. बूट काढतेय."

मंडळी, असा एक फळा आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे, कचेरीत आहे, शाळेत आहे. त्यावर सगळं हिरवं दाखवायची आपल्याला फार घाई असते. कागदावर सही झाली म्हणजे काम झालं, असं आपण स्वतःलाच पढवतो. पण कागद कुणालाही माळावरून उचलून आणत नाही! माणूस घरी आलं की नाही, हे उठून, दारात जाऊन, आपल्या डोळ्यांनी बघावं लागतं. आणि जे दिसत नाही, ते दिसतंय असं लिहायला कुणी सांगितलं, मग तो साहेब का असेना, तर त्याच्या तोंडावर 'नाही' म्हणावं लागतं. हसणारे हसोत. दांडा फिरवा!